मगदूम आणि मगदूम

"मगदूम आणि मगदूम," हजेरीपटावरचं बोट न उचलता बावडेकर सर म्हणाले, "तुमची जोडी."

मागच्या बाकावरून कुणीतरी खिदळलं. "सर, त्या जावाजावा आहेत!"

"मग बरंच झालं. भांडण घरच्या घरी मिटेल."

सगळा वर्ग हसला. माझ्या शेजारी बसलेली त्रिशलाही मनापासून हसली. मी वहीत डोकं खुपसलं.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र अशा सगळ्यांना संख्याशास्त्राचा एक पेपर सक्तीचा होता. त्यातला मोठा भाग जोडीनं करायच्या प्रयोगाचा. दोन रीती घ्यायच्या, त्यांची तुलना करायची आणि फरक खरा की नुसता योगायोगाचा, ते आकड्यांनी दाखवायचं. "मांडणी मात्र चिठ्ठ्या टाकून करा," सर बजावत होते. "माणूस स्वतःच्या मालाला नकळत चांगली जागा देतो. तुम्ही प्रामाणिक असाल, पण तुमच्या हाताचं काय सांगावं?"

परतीच्या एस.टी.त त्रिशला खिडकीशी बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, पपई घेऊ या? घरची रोपवाटिका आहे. तुम्ही बी राखेत चोळून लावता, ती एक रीत. आणि प्रयोगशाळेत ते वाढीचं औषध आहे ना, त्याच्या पाण्यात भिजवून लावायचं, ती दुसरी."

"म्हणजे माझी रीत आणि तुझी रीत."

"तसं नाही हो. आपल्या दोघींच्याच दोन्ही."

"तसंच आहे," मी म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

तिला माझं काय दुखतंय ते कळत नव्हतं, की कळून ती न कळल्यासारखं दाखवत होती, हे मला तेव्हा उमगत नव्हतं. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रात पहिल्या वर्गात आले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन कृष्णाकाठच्या या गावात आले. पुढं शिकायचं का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. सासरे, म्हणजे आण्णा, यांची रोपवाटिका होती. वर्षभरात मी तिच्यात मुरले. कुठलं बी कधी भिजवायचं, कुठल्या फळातलं टाकून द्यायचं, हे सगळं माझ्या हातात आलं. दोन मुलं झाली. मग धाकट्या दिरांचं, भरतेश भाऊजींचं, लग्न ठरलं. मुलीच्या वडिलांनी बैठकीतच अट घातली, 'पोरगी एम.एस्सी. करणार.' आण्णांनी हसत हसत शब्द दिला.

त्या शब्दाचा हेवा मला पहिल्या दिवसापासून वाटला. सकाळी तिचा डबा मी भरायची. ती पदर सावरत एस.टी.साठी पळायची आणि मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभी राहायची. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्या पंक्तीत आण्णा तिला विचारायचे, "काय बाई, आज काय शिकवलं?" इतक्या वर्षांत मला त्यांनी, 'वांग्याचं बी भिजवलंस का?' याशिवाय काही विचारलं नव्हतं.

ती एम.एस्सी.ला जायला लागून एक वर्ष झालं. मग तिला कावीळ झाली, परीक्षा बुडाली, वर्ष पुन्हा करायचं ठरलं. तेव्हा मी ट्रंकेतून माझं पदवीचं प्रमाणपत्र काढलं आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवलं.

"मलाही जायचंय."

"आता?" आण्णा म्हणाले. "आणि पोरं? रोपं?"

सूप हातात घेऊन बसलेल्या सासूबाईच बोलल्या. "जाऊ द्या की. एक गेली म्हणून घर बुडालं न्हाई, दुसरी गेली म्हणून बुडंल व्हय?"

अशी मी त्रिशलाच्या वर्गात आले. वनस्पतिशास्त्रात मी तिच्या पुढं होते, त्याचं मला फार बरं वाटायचं. पण संख्याशास्त्राच्या तासाला माझी पार दांडी गुल व्हायची. गणित सोडून जमाना झाला होता. फळ्यावर सर चिन्हं लिहीत जायचे आणि मी ती नक्षी उतरवावी तशी उतरवून घ्यायची. त्रिशला मात्र हात वर करून उत्तरं द्यायची. आणि गाडीत बसलं की मला समजावून सांगायला लागायची, तेही मोठ्यानं.

"सरासरी तर कळलीय ना, अक्का? आता प्रत्येक जण त्या सरासरीपासून किती लांब बसलाय, तेवढंच बघायचं. हे बघा, ह्या गाडीतल्या सगळ्यांची उंची घेतली..."

"बाई, मला धरून मोजताय न्हवं?" कंडक्टर म्हणाला आणि आजूबाजूचे हसले. "पोरगी हुशार हाय हां. ही तुमची कोण?"

"जाऊ," मी म्हटलं.

"थोरली का धाकटी?"

वयं समोर दिसत असताना असा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. तो माझ्या जिव्हारी लागला. ती दुष्ट असती तर बरं झालं असतं. तिच्यावर रागवायला मला निदान काही सबब मिळाली असती.

प्रयोगाचं बी आणायचं ठरलं त्याच आठवड्यात सासूबाई धुण्याच्या दगडावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता कित्येक महिने त्यांच्याजवळ माणूस हवं.

त्या संध्याकाळी पंक्तीत आण्णांनी विषय काढला. "दोघींतल्या एकीनं आता घरी थांबायला पायजे."

कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमचे हे भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत राहिले, एकही तोंडात घालेनात.

"वहिनी, त्याचं असं आहे," भाऊजी म्हणाले, "त्रिशलाच्या वडिलांना आपण शब्द दिलाय."

"आणि मला?"

"तुम्हाला कुठं..."

खरंच होतं. मला कुणी कसलाच शब्द दिलेला नव्हता. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. वाढायची पळी मी आमटीत सोडून दिली आणि म्हटलं, "ठीक आहे. शब्दाचं राहू द्या. आमचा प्रयोग आहेच. एक माझी रीत, एक तिची. जिचं बी जास्त उगवेल ती जाईल, दुसरी थांबेल."

"हे काय लहान मुलांसारखं?" आमचे हे पहिल्यांदा बोलले.

पण आण्णांचे डोळे लकाकले. आयुष्यभर रोपं विकलेला माणूस. "बी खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "काय त्रिशला?"

"चालेल," त्रिशला म्हणाली. इतक्या चटकन की मला वाटलं, हिला जिंकायची किती खात्री आहे!

आम्ही काळ्या पिशव्यांत माती भरली. कुठल्या ओळीत कुणाचं बी, ते चिठ्ठ्यांनी ठरवलं. चिठ्ठ्या सासूबाईंनी पलंगावर पडल्या पडल्या उचलल्या. माझ्या ओळींना मी निळ्या दोऱ्याच्या काड्या खोचल्या, तिच्या ओळींना तांबड्या. सासूबाईंजवळ एक दिवस मी थांबायचं, एक दिवस तिनं. जी घरी असेल तिनं पाणी घालायचं.

आधी उगवलं ते तिचं. एका सकाळी बघते तर तांबड्या काड्यांच्या ओळींत माती फुटून आकड्यासारखे वाकलेले हिरवे कोंब वर आलेले, आणि माझ्या ओळी ठार मुक्या. आण्णा शेजारच्या बागायतदारांना बोलावून दाखवायला लागले. "औषधात दम हाय बघा. आमच्या धाकट्या सुनेनं आणलंय."

मी रोज दिवस उजाडता माझ्या ओळींपाशी बसायची. बोटानं माती उकरून आत बी फुगलंय का बघावं, असं फार वाटायचं. पुढच्या आठवड्यात माझं थोडं थोडं येऊ लागलं. पण तिच्यापुढं ते काहीच नव्हतं. मोजणी जवळ येईपर्यंत अंतर कमी झालं, तरी पुढं तीच होती. रात्री त्रिशलाच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला तरी वाटायचं, ही माझ्याच ओळींना हसतेय.

त्याच दिवसांत मी संख्याशास्त्र शिकले. तिच्याकडून नाही. "अक्का, टी-टेस्ट सांगू का?" असं तिनं विचारलं की मी "नको" म्हणायची, आणि माझ्या कॉलेजच्या दिवशी ग्रंथालयात बसून गणितामागून गणित सोडवायची. चुकलं की खोडायची, पुन्हा मांडायची. हरले तर कशानं आणि किती हरले, ते तरी तिला विचारावं लागू नये, एवढीच ईर्ष्या होती. बावडेकर सर एकदा शेजारी येऊन उभे राहिले, माझी वही बघितली. "बाई, आता तुम्ही ह्या मुलांना शिकवाल," असं म्हणाले. मला पहिला विचार आला, हे त्रिशलानं ऐकायला हवं होतं.

मोजणीच्या आदल्या दिवशी घरी थांबायची पाळी तिची होती. दुपारचे तास झाले नाहीत म्हणून मी लवकरच्या गाडीनं आले. घरात न जाता आधी रोपवाटिकेकडे वळले. लांबूनच दिसलं, त्रिशला पाठमोरी उकिडवी बसलीय. तिच्या दोन्ही बाजूंना काड्या होत्या. निळ्या.

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. ही माझी रोपं उपटतेय. पुढं असूनही हिला धीर नाही! मी पिशवी टाकून धावले आणि मागून तिचं मनगट धरलं.

"काय उपटलंस? दाखव!"

ती दचकून मागं पडली. तिच्या मुठीत मुळाला माती लागलेलं एक पपईचं रोप होतं.

"उपटलं नाही, अक्का," तिला धाप लागली होती. "लावतेय."

मी ओळीकडे बघितलं. कालपर्यंत रिकाम्या असलेल्या पिशव्यांत रोपं उभी होती. माना टाकलेली, बुडाशी बोटांनी नुकतीच दाबलेली माती. पलीकडच्या आण्णांच्या विक्रीच्या वाफ्यात तेवढीच भोकं पडलेली होती. रोपं कुठून आली ते मला कुणी सांगायला नको होतं.

आणि मला रोपं उपटल्याचा जेवढा राग आला असता त्याच्या दुप्पट राग आला.

"माझ्यावर दया करतेस? मला भीक घालतेस?"

"दया?" त्रिशला उठून उभी राहिली. मी तिला कधी चिडलेली बघितली नव्हती. "तुमच्यावर दया मी करू? ह्या घरात? अक्का, तुम्हाला काय कमी आहे?"

"मला? तुझ्या शिक्षणासाठी बैठकीत शब्द घेतले. मला कुणी विचारलं होतं?"

"मला तरी कुणी विचारलं? तो शब्द माझ्या बाबांनी घेतला. त्यांना सगळ्यांना सांगायचंय, पोरगी एम.एस्सी. झाली. मला नकोय ते. मला वर्गात उत्तरं येतात, म्हणून मला ते आवडतं असं झालं का?" तिनं हातातलं रोप खाली ठेवलं. "लग्न होऊन आले ती आजपर्यंत ह्या घरात पाहुणीच आहे मी. जेवायला बसवतात, उठून काही करू देत नाहीत. 'तू अभ्यास कर, तू अभ्यास कर.' आण्णा मला काय शिकलीस ते विचारतात, मी सांगते, ते हसतात. आणि कामाचं काही असलं की तुमच्याकडे जातात. एक बीसुद्धा कधी माझ्या हातात देऊन विचारलं नाही की हे लावू का टाकू. तुम्ही पण शिकायला निघालात, तेव्हा मला किती आनंद झाला होता, माहीत आहे? म्हटलं, आता तुमची जागा जरा तरी रिकामी होईल."

इतके दिवस मी जिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होते, ती पुढं चालताना मागं माझ्याच दाराकडे बघत होती.

"म्हणजे मी जिंकले असते, तर..."

"तर तुम्ही गेला असता," ती म्हणाली. "आणि मी राहिले असते."

दया नव्हतीच ती. तिला मला हरवायचं नव्हतं, जागेवरून हलवायचं होतं. आणि का कुणास ठाऊक, ते कळल्यावर मला एकदम मोकळं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मला माझ्यासारखी वाटली.

"कुठली कुठली लावलीस?" मी विचारलं.

"का?"

"उपट सगळी. खोटं जिंकून मी जाणार नाही."

आम्ही दोघींनी मिळून ती रोपं काढली आणि आण्णांच्या वाफ्यात परत लावली. दुसऱ्या दिवशी तिनं मोजलं, मी लिहिलं. गणित मी एकटीनं केलं. ओट्यावर बसून, पाटीवर. तिनं ते तपासलं आणि नुसती मान हलवली, "बरोबर आहे."

आण्णा कोपऱ्यातून बघत होते. "काय? कोण जिंकलं?"

"कुणीच नाही, आण्णा," मी म्हटलं. "दोन्हींत फरक दिसत नाही."

"आँ? अगं, तिची चार-दोन जास्त हायत की! माझे डोळे शाबूत हायत."

"तेवढी नुसत्या योगायोगानंही जास्त येतात. ओळीओळीतच इतका कमीजास्तपणा आहे, की औषधामुळं झालं असं म्हणता येत नाही. उगवायला लवकर लागली एवढं खरं."

"मग आता कोण थांबणार?" भाऊजींनी विचारलं.

"मी," त्रिशला म्हणाली.

त्यानंतर घरात जो गोंधळ उडाला तो चार दिवस चालला. भाऊजी म्हणत होते, मी सासऱ्यांना काय तोंड दाखवू. तिचे वडील स्वतः आले, मोठ्यानं बोलले, न जेवता गेले. माझ्यावरही बोट दाखवून झालं, थोरलीनंच धाकटीला फितवलं म्हणून. त्रिशला मात्र पाय रोवून उभी राहिली. शेवटी पलंगावरून सासूबाईंनी तोंड उघडलं.

"थांबतीय म्हणतीय तर थांबू दे. पर हिला बियाणं वळखाय कोण शिकवणार?"

"मी शिकवते," मी म्हटलं.

मी बोलून तर गेले, पण ते जड गेलं. तिला सुरुवातीला काही जमायचं नाही. पोकळ बी पाण्यावर तरंगतं एवढंसुद्धा तिला माहीत नव्हतं. ती चुकली की मला आतून गार वाटायचं, खोटं कशाला सांगू. आणि मग एके दिवशी मी पपईचं एक चांगलं थोरलं फळ चिरायला घेतलं, तर तिनं ते हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाली, "ह्याचं नको, अक्का. हे झाड कोपऱ्यातलं. त्याच्या पानावर केवडा पडलाय, पिवळे डाग आलेत. मी सकाळीच बघितलं."

आण्णा स्वतः जाऊन झाड बघून आले. "पोरीला नजर हाय," म्हणाले.

माझ्या छातीत तीच जुनी कळ उठली. मला हवं होतं ते मिळालं होतं, तरी उठली.

प्रयोगाची वही मी सरांना नेऊन दिली, जोडीतल्या दोघींच्या नावानं. शेवटी मी लिहिलं होतं, 'दोन्ही रीतींत फरक नाही.' सरांनी ते वाचून दाखवलं आणि तांबड्या पेनानं खोडलं. "असं कधी लिहू नका, बाई. फरक आढळला नाही, असं लिहा. नसणं वेगळं आणि आपल्याला न दिसणं वेगळं."

पुढं मी त्या पेपरात उत्तम पास झाले. सांगलीच्या कॉलेजात लागले, आणि गेली कित्येक वर्षं शास्त्राच्या मुलांना तोच पेपर शिकवते आहे. त्रिशलाच्या पपईच्या रोपांना आज कर्नाटकातून गाड्या येतात. दिवाळीला सगळे जमतो तेव्हा ती मला वर्गातलं खोदून खोदून विचारते आणि मी तिला वाफ्यातलं. दोघीही अगदी सहज विचारल्यासारखं दाखवतो.

पण मला आठवते ती त्रिशलानं कॉलेज सोडल्यावर मी निघाले ती पहिली सकाळ. डबा त्रिशलानं भरून दिला होता. मी चपला घातल्या, छत्री घेतली आणि अंगणातून फाटकापर्यंत गेले. वळणावर गाडीचा आवाज येत होता.

"राजमती!" आतून सासूबाईंनी हाक मारली. त्यांना उठून बसायचं असावं. सवयीनं माझंच नाव त्यांच्या तोंडी आलं.

मी वळले. ओ द्यायला तोंड उघडलं.

"आले, आई," त्रिशलाचा आवाज आला. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आणि पाठोपाठ पावलं, घाईनं आत जाणारी.

मी फाटकात उभीच राहिले. गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडून धरलं. "काय बाई, येणार न्हवं?"

"येणार," मी म्हटलं आणि चढले.